गुलबहारचा सतरा सप्टेंबर

३ ऑगस्ट २०२५, रविवार

राधेश्यामनं सकाळी फोन करून आधी मी जिवंत आहे का ते विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाला, “बराबर. मंग कामाला लाग, तात्या. येत्या सतरा सप्टेंबरला आपल्या ऑर्केस्ट्राला चाळीस वर्षं होतात.”

ऑर्केस्ट्रा गुलबहार, जालना. राधेश्याम अकॉर्डियनवर, काकासाहेब काँगोवर, आणि निवेदक मी, तातेराव. पहिला कार्यक्रम १७ सप्टेंबर १९८५, मुक्तिसंग्राम दिन, मुक्काम अंबड. त्यानंतर बारा वर्षं आम्ही एक गणपती, एक उरूस, एक जत्रा सोडली नाही. मग घरोघरी टीव्ही आले, डीजे आला, आणि लोकांना गाणं ऐकण्यापेक्षा छाती हादरवून घ्यायला आवडायला लागलं. मी एसटीत होतोच, पुढं वाहतूक नियंत्रक झालो. अंबडच्या स्टँडवर मी माईकवरून ‘जाफराबाद गाडी फलाट दोनवर’ म्हटलं, की नुसत्या आवाजावर दोन-चार जण काम नसताना जाफराबादला जायचे.

तर कार्यक्रम पुन्हा अंबडलाच होणार, स्मरणिका निघणार, आणि त्या दिवसाचा इतिहास मी लिहिणार. राधेश्यामनं सुचवायच्या आत मीच सुचवलं.

बेबीनंदाला सांगितलं. म्हणाली, “तिथं जेवण हाय का घरी करू?” कलेची जाण नसलेल्या बायकोबरोबर अडतीस वर्षं काढणं हाही एक इतिहासच आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

सुरुवात जमली. ‘१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटला आणि १७ सप्टेंबर १९८५ ला कंटाळ्याच्या.’ वाचून मलाच टाळ्या वाजवाव्या वाटल्या.

पुढचं भराभर लिहिलं. पब्लिक दोन हजार. (राधेश्याम सातशे म्हणतो. पिढीजात कापडवाला, त्याला सगळं आखडून मोजायची सवय.) त्या दिवशी हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे, तरी बायकासुद्धा आल्या. मध्यंतरानंतर टेंभुर्णीची कौसल्या. एकोणीस वर्षांची पोरगी, अंबडला मावशीकडं शिकायला राह्यलेली. राधेश्यामनं मला चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं, ‘कुमारी केतकी’. आता हे काय नाव झालं? केतकी काय, कुठल्याही गावात असते. पहिल्याच गाण्याला लोकांनी टोप्या उडवल्या, तेव्हा मला राहवलं नाही. चिठ्ठी खिशात घातली आणि माईकवरून तिचं खरं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं खणखणीत घेतलं. पब्लिक येडी झाली. ओळख करून द्यावी तर अशी.

पुढच्या कार्यक्रमाला बाई आल्याच नाहीत. निरोप नाही, चिठ्ठी नाही. एका टाळीत डोकं फिरलं. त्यावर मी एक किस्सा बसवला: ‘आमच्याकडं एक कोकिळा होती. एका गाण्यात इतकी फुगली, इतकी फुगली, की बसायला गेली तर फांदीच मोडली!’ बारा वर्षं सांगितला, एकदाही वाया गेला नाही. इतिहासात घेतला आहे.

१० ऑगस्ट, रविवार

जुन्या जालन्यात राधेश्यामच्या दुकानी बैठक. गल्लीत रिक्षा आणि हातगाडी समोरासमोर अडकल्यामुळं मी चालत पोचलो. काकासाहेब आधीच गादीवर लोडाला टेकून बसलेला. त्याला आता उजव्या कानानं काहीच ऐकू येत नाही आणि डाव्या कानानं त्याला हवं तेवढंच येतं.

राधेश्यामला शंका, पितृपक्षात कार्यक्रम कसा घ्यायचा? मी म्हटलं, “शेठ, आपले निम्मे वादक पितरांतच हायेत. त्यांच्यासाठी तरी घेऊ.” हे त्याला पटलं. त्यात एकादशी असल्यामुळं नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी, हेही ठरलं. पंधरा मिनिटांत दोन ठराव. पंचायत समितीत असं कधी होत नसेल.

मग मी म्हटलं, कौसल्येला बोलावू. झालं गेलं विसरू, मोठ्या मनानं.

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. राधेश्याम कापडाच्या ताग्यावरची नसलेली धूळ झटकायला लागला. काकासाहेब म्हणाला, “बोलवायचं असंल तर राधेश्याम जाईल. तू नको जाऊ.”

“कामून?”

काकासाहेबाला ऐकू आलं नाही. म्हणजे डाव्या कानानंसुद्धा.

मत्सर. चाळीस वर्षं झाली तरी निवेदकाबद्दलचा मत्सर वादकाच्या पोटातून जात नाही. मीच जाणार.

१४ ऑगस्ट, गुरुवार

टेंभुर्णीला जाऊन आलो. डोळे अजून सुजलेले आहेत.

कौसल्याबाईंचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. पाटी मोठी, मशिनी दोन, आणि हवेत तिखट इतकं की मी ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं ते शिंकायलाच. ओळीनं अकरा शिंका. बाई उंचपुऱ्या, डोक्याला फडकं बांधलेलं, हात कोपरापर्यंत लाल. मला बघून म्हणाल्या, “तातेरावभाऊ. आवाजावरून ओळखलं.” मी तोवर शिंकण्याशिवाय काही केलं नव्हतं, पण आवाज तो आवाज.

चहा दिला. सून अर्पिता ओळख करून घ्यायला आली. मी म्हटलं, तुमची सासू एके काळी काय गायची! पोरीला माहीतच नव्हतं. “आत्या, तुम्ही गायच्या?” म्हणून बघतच राहिली. कौसल्याबाई म्हणाल्या, “एक दिवस. मावशीला हरतालिकेचं जागरण हाय म्हणून सांगितलं आन् गेले.”

मी कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग मी स्मरणिकेसाठी त्यांची आठवण विचारली, तर म्हणाल्या, “तुम्ही काय लिहिलंय ते वाचा की.”

वाचलं. मधे मधे शिंकत, पण पूर्ण अभिनयासह. कोकिळेपाशी आलो. थोडं थांबून, गाल फुगवून, ‘फांदीच मोडली!’

कुणी हसलं नाही. अर्पितानं सासूकडं बघितलं. बाई उठल्या आणि त्यांनी मशीन चालू केली. त्या आवाजात माझा निरोपाचा नमस्कारही ऐकू गेला नसावा.

निष्कर्ष: मिरचीच्या धंद्यात माणसाची विनोदबुद्धी मारली जाते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी झेंडावंदन. दुपारी जेवताना बेबीनंदाला कालचा सगळा प्रकार सांगितला. ती भाकरी थापता थापता विचारायला लागली.

“तिचं नाव माईकवरून कुणी घेतलं?”

“मी.”

“बापाचं?”

“मीच की.”

“गावाचं?”

“अगं, मीच. दुसरं कोण घेणार?”

“आन् ती घरी काय सांगून आल्ती म्हणाले?”

“हरतालिकेचं जागरण.”

मग ती पुढची भाकरी थापायला लागली. तिला नेमकं काय विचारायचं होतं, ते कळलं नाही. आमटीत मीठ कमी होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

पहाटे जाग आली ती धसकाच बसून. कळलं.

उजाडल्या उजाडल्या राधेश्यामला फोन केला. म्हटलं, “शेठ, कौसल्या दुसऱ्या कार्यक्रमाला का आली नव्हती?”

त्यानं आधी पलीकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “अरे भाई, तुला आज सुचलं?”

त्याच्याकडून कळलं ते असं. टेंभुर्णीची चार माणसं त्या दिवशी कोर्टाच्या तारखेला अंबडला आल्ती. तारीख पुढं गेली, मुक्काम पडला, म्हणून गाणी ऐकायला बसली. दुसऱ्या दिवशी गणपती बसायच्या आत बापाला कळलं, आपली लेक स्टेजवर नाचगाण्यात आहे. (नाचली ती कधीच नव्हती. पण बातमी गावात पोचेपर्यंत नाचायला लागतेच.) शिक्षण बंद. मार्गशीर्षात लग्न. राधेश्याम टेंभुर्णीला समजावायला गेल्ता, त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं.

मी म्हटलं, “मला का नाही सांगितलं?”

म्हणाला, “तू चांगला निवेदक. पण कुणी जरा बोललं की आठ दिवस तोंड फुगवणार. समोर गणपतीचे अकरा कार्यक्रम होते. आम्ही म्हटलं, सीझन झाल्यावर सांगू. मंग राहून गेलं.”

चाळीस वर्षं राहून गेलं! बारा वर्षं मी कोकिळा सांगत होतो आणि मागं बसून हे सगळे ऐकत होते. काकासाहेब तर किस्सा संपला की काँगोवर थाप मारायचा.

१७ ऑगस्ट, रविवार

काही लिहावंसं वाटत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज हरतालिका. बेबीनंदाचा उपास. मी म्हटलं, मीही धरतो. म्हणाली, “तुम्ही कशाला? असाच नवरा सात जन्म मिळावा म्हणून असतंय ते. तुम्हाला कोण पायजे?” वर म्हणाली, “उपास धरून तिला काय मिळणार? टेंभुर्णीला जा.”

२८ ऑगस्ट, गुरुवार

गेलो. या वेळी तोंडाला उपरणं बांधून. स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरनं विचारलं, “काका, कुठं दरोडा?”

वाटेत माफीचं भाषण पाठ केलं. चांगलं झालं होतं. मधे एक उपमाही होती. कांडपावर पोचलो तर बाई बायांना मिरच्यांची देठं खुडायला बसवून स्वतःही खुडत होत्या. मी उभ्या उभ्या सुरुवात केली, “कौसल्याबाई, काळाच्या उदरात…”

“बसा आन् देठं खुडा,” त्या म्हणाल्या. “बोलायचं तर हात चालू पायजे.”

खुडायला बसलो. उपमा विसरलो. एवढंच निघालं, “माझ्यामुळं तुमचं गाणं गेलं. मला परवापर्यंत कळलंच नव्हतं.”

त्यांनी पाच-सात मिरच्या खुडल्या. मग म्हणाल्या, “बाप माझा होता, भाऊ, तुमचा न्हाई. त्यानं केलं ते त्यानं केलं. तुम्हाला अक्कल कमी होती, एवढंच. ते मी तवाच सोडून दिलं.”

मला हायसं वाटलं. फार लवकर वाटलं.

“पर त्र्याण्णव साली तुम्ही जाफराबादला आल्ते. जत्रा होती. मी पोराला मांडीवर घेऊन पुढंच बसले होते. म्हटलं, आपली माणसं हायेत, ऐकावं. तुम्ही कोकिळा काढली.”

मी खुडायचं थांबलो.

“समदी हसली. शेजारी माझा नवरा. त्योबी हसला, त्याला काय माहीत कोकिळा कोण ते. माझ्याकडं बघून म्हणला, भारी हाय ना? मंग मीबी हसले. न हसून कसं चालंल?”

मिरचीचा हात डोळ्याला लागला माझ्या. खरंच लागला. अर्पितानं पाणी आणून दिलं. नंतरचं अर्धं बोलणं मी ओल्या फडक्याखालून ऐकलं.

“जिथं जिथं किस्सा सांगितला, तिथं जाऊन सांगायचं म्हटलं तर तुमचं आयुष्य पुरायचं न्हाई. अंबडला सांगा. खरं काय झालं ते, माईकवर, समद्यांपुढं. गंमत न करता. जमंल?”

“जमेल.”

“बघू. आन् माझं नाव तुम्ही घ्यायचं न्हाई. एकदा घेतलं तेवढं बस.”

“म्हणजे तुम्ही गाणार?”

“मी यीन म्हणाले का?” त्या म्हणाल्या. “खुडा.”

संध्याकाळच्या गाडीनं आलो. बोटं अजून जळून राह्यलीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रोज आरशासमोर सराव करतो. ‘एक मुलगी होती’ इथपर्यंत ठीक जातं. पुढं आपोआप भुवया वर जातात, पॉज येतो, आवाज चढतो, आणि बेबीनंदा स्वयंपाकघरातून ओरडते, “झाली तुमची गंमत सुरू!” चाळीस वर्षं या तोंडाला एकच कसब शिकवलं. आता ते सोड म्हटलं तर सोडत नाही.

स्मरणिकेचा लेख फाडला. राधेश्यामला सांगितलं, पान कोरं ठेव. म्हणाला, “कोरं? साड्यांची जाहिरात टाकू का?”

१७ सप्टेंबर, बुधवार

सगळं आठवतंय तोवर लिहितो.

दुपारी चारला मंगल कार्यालयात सुरुवात. बाहेर चिखल, आत पावणेदोनशे माणसं. राधेश्याम म्हणाला दीडशे. पहिल्या रांगेत आमच्याच वयाची मंडळी, खिचडीच्या वाट्या घेऊन. नव्या पोरा-पोरींनी चार गाणी म्हटली, बरी म्हटली. बेबीनंदा चौथ्या रांगेत. कौसल्याबाई कुठं दिसेनात.

मग माझी पाळी. माईक हातात घेतला न घेतला तोच मागून कुणीतरी ओरडलं, “तात्या, कोकिळा होऊन जाऊ द्या!” टाळ्या. दुसऱ्यानं शिट्टी मारली. चाळीस वर्षांनी लोकांना एकही गाणं आठवत नव्हतं, पण ते आठवत होतं.

तेवढ्यात मागच्या दारातून कौसल्याबाई आणि अर्पिता आत आल्या. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, “आज कोकिळा नाही. आज खरं सांगतो.”

लोक हसले.

“हसू नका,” मी म्हटलं. तर आणखी हसले. माझं नेहमीचंच वाक्य ते, किस्सा सुरू करायचं. मी सांगत गेलो. एक मुलगी होती. तिला घरी न कळता एकदा गायचं होतं. तिच्यासाठी एक खोटं नाव ठरवलं होतं आणि ते घ्यायचं काम माझं होतं. लोक वाट बघत होते, विनोद कधी येतो म्हणून. ‘मी तिच्या बापाचं नाव घेतलं’ म्हणालो तेव्हा काकासाहेबाला वाटलं, किस्सा संपला. त्यानं काँगोवर जोरात थाप मारली. सगळं सभागृह खदखदलं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा पब्लिक हसत होती आणि मला ती नको होती. मी माईक खाली ठेवला. स्टेजच्या कडेवर आलो आणि साध्या आवाजात बोललो. पॉज नाही, भुवया नाहीत. तिचं शिक्षण सुटलं. गाणं सुटलं. ती पुन्हा आली नाही, ती काही गर्वामुळं नाही. मी बारा वर्षं गावोगाव तिची टिंगल केली, आणि एकदा ती समोर बसलेली होती. तिच्या नवऱ्याला मी हसवलं.

आता कुणी हसत नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या हातातली वाटी तशीच राहिली. शेवट कसा करतात तेच विसरलो. म्हटलं, “एवढंच,” आणि खाली उतरून बेबीनंदाशेजारी जाऊन बसलो. स्टेजवर निवेदकच नाही. राधेश्याम अकॉर्डियन गळ्यात अडकवून कावराबावरा.

कौसल्याबाई भिंतीपासून निघाल्या. कुणाकडं न बघता मधल्या वाटेनं सरळ वर गेल्या, पदर खोचला, माईक उचलला.

“मी कौसल्या. गाव टेंभुर्णी,” त्या म्हणाल्या. “बापाचं नाव तुम्हाला एकदा सांगून झालंय.”

काय हसले लोक! मी इतक्या वर्षांत असा हशा घेतला नाही. बायका तर तोंडाला पदर लावून.

राधेश्यामनं काळी चार धरली. बाई म्हणाल्या, “खाली या, शेठ.” तो एक पट्टी खाली आला. “अजून.” तीनदा खाली आला. मग त्यांनी गायला सुरुवात केली. आवाज जाड झालाय. वरचे स्वर गेलेत, मिरचीनं खाल्ले असतील नाहीतर वर्षांनी. पण खाली, मुखडा संपून जिथं आवाज जरा टेकतो, तिथं असं काहीतरी होतं की मी शेजारच्या खुर्चीची दांडी धरली. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरल्या. “थांबा,” म्हणाल्या, पहिल्या रांगेतल्या बाईला विचारलं, तिनं सांगितले, पुन्हा सुरू. काकासाहेब ऐकू न आल्यामुळं पुढं पळत होता. तर त्यांनी जाऊन एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि हातानं ठेका देत उरलेलं गाणं तसंच म्हटलं. तो डोळे मिटून वाजवत होता, आणि बरोबर वाजवत होता.

अर्पिता मोबाईल धरून उभी होती. पण ती मोबाईलमधून बघत नव्हती. वरून, नुसत्या डोळ्यांनी बघत होती.

गाणं संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात उचललेच नाहीत. बेबीनंदानं वाजवल्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी कौसल्याबाईंचा फोन. नमस्कार वगैरे काही नाही. अकॉर्डियन बेसूर आहे, दुरुस्त करा. काकासाहेबाला कानाचं मशीन बसवा. नवरात्रात टेंभुर्णीला कार्यक्रम ठेवायचा, गावातच, देवीसमोर. बघू दे समद्यांना. मी विचारलं, निवेदन? म्हणाल्या, “तुम्ही करा की. पर आधी लिहायचं, आन् मला वाचून दाखवायचं.” आणि फोन ठेवला. माफ केलं का, ते विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर शिव्याच खाल्ल्या असत्या बहुतेक.

स्मरणिका अजून छापायचीच आहे. दुपारी तिच्यात राधेश्यामनं राखलेल्या कोऱ्या पानासाठी लिहायला बसलो. काकासाहेबाची आठवण घेतली, राधेश्यामची घेतली, कौसल्याबाईंचं फोनवर घेतलं. बेबीनंदा शेंगा सोलत होती. म्हणाली, “समद्यांना इचारलं. मला न्हाई इचारलं.”

“तुला काय विचारू?”

“सतरा सप्टेंबरला मी कुठं होते ते.”

आमचं लग्न सत्त्याऐंशीचं. मला कधी हा प्रश्नच पडला नव्हता. पेन उचललं. म्हटलं, “सांग.”

“अंबडातच. मामाकडं आल्ते. हरतालिकेला आम्ही पाच-सहा जणी ते गाणं ऐकायला गेल्तो.”

“मग? ऐकलंस तिचं गाणं?”

“कुठलं! मधेच उठून गेले. तो निवेदक इतकं बोलत होता, इतकं बोलत होता, माझं डोकंच उठलं.”

मी पेन खाली ठेवलं. ती शेंगा सोलत राहिली.

“आणि तरी तू माझ्याशी लग्न केलंस?”

“मला कुठं माहीत, त्योच माणूस हाय म्हणून? मांडवात बसलेला नवरदेव गप होता,” ती म्हणाली. “लगीन लागल्यावर बायांनी नाव घ्या म्हटलं. तुम्ही तोंड उघडलं, तवा आवाज ओळखला. पर अक्षता पडल्या होत्या.”